पांढऱ्या घोड्याची काळी रेघ

पांढऱ्याशुभ्र घोड्याच्या शेपटीचा केस तापलेल्या मडक्यावर टाकला तरी रेघ काळीच उमटते. आपल्या लाडक्या जनावराची आठवण म्हणून त्याच्या केसांच्या रेघा उमटवलेलं भांडं करून घेणाऱ्यांना याचं बरेचदा नवल वाटतं. केसाचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतो आणि मेलॅनिन आगीत टिकत नाही. मडक्यावर जे राहतं, तो कोळसा. तो काळ्या घोड्याचाही काळा आणि पांढऱ्याचाही काळाच.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातले नावाहो आणि प्वेब्लो या मूळनिवासी समाजांतले कुंभार या कामासाठी ओळखले जातात. कुणा कुंभारणीचे लांब केस वाऱ्याने उडून गरम भांड्याला चिकटले आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, घडण्यासारखी नक्कीच आहे.

कामाची खरी मेहनत आगीच्या आधीची. मातीत भाजलेल्या मातीचा चुरा मिसळतात, म्हणजे भांडं अचानक गार झालं तरी तडकत नाही. वरून अतिशय बारीक कणांच्या मातीचा पातळ थर देतात. ‘टेरा सिजिलाटा’ हे त्याचं नाव. माती पाण्यात कालवून ठेवली की जाड कण तळाशी बसतात आणि बारीक कण वर तरंगत राहतात. तेवढंच पाणी काढून घ्यायचं. हे कण चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. गुळगुळीत दगडाने किंवा मऊ कापडाने घोटलं की ते एका दिशेने आडवे होतात आणि पृष्ठभाग चमकू लागतो. काचेसारखी झिलई मात्र मुद्दाम टाळतात, कारण झिलईने मातीची छिद्रं बुजतात आणि कोळशाला शिरायला जागाच उरत नाही.

पहिली भाजणी झाली की भांडं पुन्हा तापवतात आणि साधारण ५५० ते ७५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान चिमट्याने बाहेर काढतात. इथून पुढे घाई. भांडं फार गरम असेल तर कोळसाही जळून जातो. फार गार झालं तर केस नुसता चिकटतो, करपतो आणि खरवडला की निघून येतो. शिवाय ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना बदलते आणि त्यांचं आकारमान एकदम कमी होतं. वाऱ्याची एखादी झुळूक भांड्याच्या एकाच बाजूला लागली, तर नेमक्या याच टप्प्यावर ‘टक्’ असा आवाज येतो. अनुभवी कुंभारालाही तो ऐकायला आवडत नाही.

केस टेकताच वळवळतो, जिवंत असल्यासारखा. खालची बाजू आधी तापून आक्रसते, आतून वायू सुटतात आणि केस वेडावाकडा फिरतो. केस म्हणजे केराटिन हे प्रथिन. त्याचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन, बाकी ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन आणि काही टक्के गंधक. नाक दाबायला लावणाऱ्या त्या वासात मोठा वाटा या गंधकाचा. सुती धागा भुरभुर जळून राख होतो. केस तसा जळत नाही. तो आधी फुगतो, चिकट होतो आणि मग कोळसा बनतो. जिथे तो मातीला टेकतो तिथे ठसठशीत रेघ, जिथे किंचित उचललेला असतो तिथे धुराची करडी सावली. शेपटीचे जाड केस ठळक रेघ देतात, आयाळीचे नाजूक. कुत्र्यामांजरांचे केसही चालतात, पण आखूड असले तर रेघांऐवजी ठिपके आणि स्वल्पविरामच जास्त मिळतात.

मग त्या भांड्यात आपल्या घोड्याचं नेमकं काय उरतं? डीएनए तर नाहीच. कापलेल्या केसात तो मुळात फारसा नसतो, कारण त्याचा साठा मुळाशी असतो. आणि जो असेल तो या तापमानाला टिकत नाही. उरतो तो कार्बन. ०.२ मिलिमीटर जाड आणि अर्धा मीटर लांब केसाचं वजन भरतं जेमतेम २० मिलिग्रॅम. त्यातलं बरंचसं धुरात जातं. पण केवळ एक मिलिग्रॅम कोळसा मातीत शिरला, तरी त्यात पाचावर १९ शून्यं इतके अणू असतात. हे अणू घोड्याने खाल्लेल्या गवतातून आले आणि गवताने ते हवेतून घेतले होते. त्या अर्थाने भांड्यात घोडा खरोखरच आहे, आणि हे मला कुठल्याही भावुक जाहिरातीपेक्षा जास्त पटतं.

जातं ते वेगळंच. घोड्याच्या शेपटीचा केस महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतो. म्हणजे अर्ध्या मीटरच्या केसात दोन वर्षांची नोंद असते. त्याचे तुकडे करून त्यातल्या कार्बन-नायट्रोजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण मोजलं, तर जनावराचा चारा कधी बदलला हे शास्त्रज्ञांना कळू शकतं. आगीत ही रोजनिशी पुसली जाते.

भांडं घरी आल्यावर त्यात पाणी ठेवू नये. मेण लावलेलं असलं तरी ते सच्छिद्रच असतं. खाण्यापिण्याच्या कामाचं तर नाहीच. आणि चुकूनही ते पुन्हा भट्टीत घालू नये. रेघा मनासारख्या उमटल्या नाहीत तर कुंभार हीच युक्ती वापरतात: भांडं पुन्हा तापवलं की कोळशाचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि भांडं कोरं होऊन बाहेर येतं. मग रेघा नव्याने काढायला आणखी केस लागतात. त्यामुळे कुंभाराला केसांचा झुबका देताना सगळा देऊ नये. थोडे केस न जाळता, कागदात गुंडाळून, कोरड्या जागी ठेवावेत. त्यांच्यातली रोजनिशी अजून शाबूत असते, आणि पांढऱ्या घोड्याचा पांढरा रंगही.