पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकायचा की नाही?

लॅबमध्ये नवीन आलं की कोणीतरी सीनियर सांगतोच, पिपेटच्या (द्रव मोजून घ्यायच्या काचेच्या नळीच्या) टोकाला अडकलेला थेंब फुंकून काढ, नाहीतर माप कमी पडेल. सरसकट असं काही नसतं हो! मधे फुगीर असते ना ती व्हॉल्युमेट्रिक पिपेट, तिच्यावर टीडी (टू डिलिव्हर) लिहिलेलं असतं, म्हणजे आपोआप गळून जेवढं बाहेर पडतं तेवढंच तिचं माप, टोकात उरलेला थेंब बनवणाऱ्याने आधीच हिशोबात धरलाय, तो तुम्ही फुंकलात की उलट जास्त जातं. टोक भांड्याच्या आतल्या बाजूला टेकवायचं, धार थांबली की दोनेक सेकंद तसंच धरायचं, बस्स. फुंकायची पिपेट वेगळी, तिच्या वरच्या टोकाजवळ दुधी काचेसारख्या दोन बारीक रिंगा नाहीतर एक रुंद पट्टा असतो (कलर कोडची, म्हणजे पिपेट किती मापाची ते सांगणारी रंगीत पट्टी वेगळी, तिथे बरेच जण फसतात). आणि हिमोग्लोबिनची २० मायक्रोलिटरची साहली पिपेट म्हणजे तिसरंच प्रकरण, तिच्यात आत मावतं तेवढं माप धरलेलं असतं, म्हणून रक्त ज्या द्रावणात सोडलं तेच द्रावण दोन-तीनदा आत ओढून धुवून काढावी लागते, नाहीतर काचेला चिकटलेलं रक्त गेलं हिशोबातून आणि रिपोर्ट कमी. आणि फुंकायचं ते रबरी बल्बने हां, तोंडाने नाही.