एर्वे तेलेमाक
तेलेमाक, एर्वे : (५ नोव्हेंबर १९३७ – १० नोव्हेंबर २०२२). हैतीत जन्मलेले, पॅरिसमध्ये स्थायिक झालेले चित्रकार. जन्म पोर्तोप्रँस येथे. १९५७ मध्ये, हैतीचा हुकूमशहा फ्रान्स्वा दुव्हालिए सत्तेवर आला त्याच वर्षी, ते न्यूयॉर्कला गेले आणि आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये ज्युलियन लेव्हाय यांच्याकडे शिकले. त्या काळी हैतीची चित्रकला म्हटली की भाबडी, रंगीबेरंगी बाजारचित्रेच लोकांच्या डोळ्यांपुढे येत. तेलेमाक यांनी त्या वाटेला न जाता आर्शिल गॉर्कीसारख्यांची अमूर्त चित्रे अभ्यासली.

न्यूयॉर्क त्यांना मानवले नाही, याचे कारण वर्णभेद. काळा म्हणून ब्रुकलिन हाइट्समध्ये कामासाठी जागा मिळेना. १९६० च्या एका चित्राला त्यांनी ‘तूसँ लूव्हेर्त्यूर न्यूयॉर्कमध्ये’ असे नाव दिले. गुलामांच्या उठावाचे नेतृत्व करणारा हैतीचा सेनानी असा थेट त्या शहरात आणून उभा करणे, हे मला त्यांचे सर्वांत बोलके उत्तर वाटते.

१९६१ मध्ये ते पॅरिसला आले. स्वप्ने आणि अबोध मन कलेत आणणाऱ्या अतिवास्तववाद्यांशी ओळखी झाल्या, पण त्यांच्या गटात ते सामील झाले नाहीत. १९६४ मध्ये चित्रकार बेर्नार राँसियाक आणि समीक्षक जेराल्ड गासिओ-तालाबो यांच्यासह ‘दैनंदिन मिथके’ हे प्रदर्शन भरवण्यात त्यांचा पुढाकार होता. तिथूनच ‘कथनात्म आकृतिवाद’ हा प्रवाह नावारूपाला आला. अमेरिकी पॉप कलेप्रमाणे जाहिराती आणि कॉमिक्स इथेही होती, पण त्यांना राजकारणाची धार होती.

‘माय डार्लिंग क्लेमंटाइन’ (१९६३) या चित्रात एक लंगडा, कृष्णवर्णीय काउबॉय आहे आणि चित्राला जोडलेल्या लाकडी पेटीत एक रबरी बाहुली. ‘बनानिया’ या फ्रेंच पेयाच्या डब्यावरचा, फ्रान्सच्या वसाहती फौजेतला हसरा सेनेगाली सैनिकही त्यांच्या चित्रांत येतो. घरोघरी न्याहारीच्या टेबलावर असलेले ते हसू त्यांनी कॅनव्हासवर आणले, की त्यातला अपमान झाकून राहत नाही. ‘३६,००० मरीनपैकी एक’ (१९६५) हे चित्र डॉमिनिकन प्रजासत्ताकात, म्हणजे हैतीच्या शेजारीच, घुसलेल्या अमेरिकी फौजांविषयी आहे.

पुढे चित्रे सपाट रंगांची आणि स्वच्छ रेषांची झाली. तंबू, काठी, शिट्टी, खोगीर अशा वस्तू एकमेकींशेजारी येतात. त्यांचा अर्थ कोड्यासारखा उलगडत बसावा लागतो, आणि तो पूर्ण हाती येतोच असे नाही. १९९० च्या दशकात त्यांनी कॉफीचा चोथा रंगद्रव्यात मिसळून वापरला. फ्रेंच राजवटीत गुलामांच्या श्रमावर हैतीत कॉफीचे अमाप पीक निघे. चित्रावरचा तो खरखरीत तपकिरी थर पाहताना हे विसरता येत नाही.

१९८५ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्व घेतले. २००६ मध्ये पक्षाघात होऊनही काम थांबले नाही. २०१५ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. ‘आल लाँ गिने’ हे सुमारे १० मीटर लांबीचे चित्र त्यांनी २०१८ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, पूर्ण केले. हैतीच्या व्होडू श्रद्धेत गिने म्हणजे समुद्रापलीकडची पूर्वजांची भूमी. मेल्यावर आत्मा तिकडे परततो.