बाटली भरलेलीच परत येते

संध्याकाळी दप्तरातून पाण्याची बाटली काढून बघा. सकाळी गळ्यापर्यंत भरून दिलेली बाटली बऱ्याचदा अर्ध्याहून जास्त तशीच परत आलेली असते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तहानच लागली नाही." यात मूल खोटं बोलत नसतं, हे गमतीचं आहे.

मुलांच्या व्यायामावर आयुष्यभर संशोधन केलेल्या ओडेड बार-ओर यांचा एक प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. १० ते १२ वर्षांच्या मुलांना ३९ अंश तापमानात थांबत थांबत सायकल मारायला लावली. पाणी हाताशीच होतं, हवं तेवढं. तरीही घामातून गेलं तेवढं पाणी मुलं प्यायली नाहीत. त्यांचं वजन एक ते दोन टक्क्यांनी घटलं. शिवाय पाण्याची तेवढीच तूट पडली तर त्यांच्या शरीराचं तापमान मोठ्यांपेक्षा लवकर चढतं, असंही दिसलं. याला शास्त्रीय नाव आहे 'ऐच्छिक निर्जलीकरण'. नाव फसवंच, कारण यात इच्छा कुणाचीच नसते.

एक-दोन टक्के म्हणजे किती, ते घरच्या वजनकाट्यावर कळतं. मे महिन्यात भाच्याला फुटबॉलला जाण्याआधी काट्यावर उभं केलं : २८.४ किलो. दीड तासानं लाल तोंड करून परत आला, घामट टी-शर्ट काढून पुन्हा उभा राहिला : २८ किलो. मधे दोन घोट पाणी प्यायला होता. म्हणजे जवळपास दीड टक्का तूट, आणि स्वारीला तहान नव्हती!

मग मुलं पितील कशी? १९९६ साली बार-ओर आणि बोगुस्लाव विल्क यांनी साध्या पाण्याला नुसता द्राक्षाचा स्वाद दिला, तर मुलं सुमारे ४५ टक्के जास्त प्यायली. त्यात साखर आणि थोडं मीठ घातल्यावर पिण्याचं प्रमाण साध्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट झालं आणि तूट भरून निघाली. मीठ तहान जागी ठेवतं. आपल्याकडे चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू सरबत नेमकं हेच करतं. मात्र ते तासभर उन्हात घाम गाळल्यावर. वर्गात बसलेल्या मुलाला साधं पाणीच बरं, साखर नको.

वर्गातल्या पाण्यावरही अभ्यास झाले आहेत. कॅरोलिन एडमंड्स यांनी २००९ साली ७ ते ९ वर्षांच्या मुलांना पाणी देऊन चाचण्या घेतल्या. पाणी प्यायलेल्यांचं, बघून करायच्या काही कामांत लक्ष जास्त चांगलं राहिलं. पण अभ्यास छोटा होता आणि फरक काहीच नव्हे तर मोजक्या चाचण्यांतच दिसला. 'पाणी प्या, गुण वाढवा' अशी जाहिरात कुणी केली तर हसून सोडून द्यावी. लक्ष वाढवायचंच असेल तर हालचालीकडेही बघावं. त्याच वर्षी चार्ल्स हिलमन यांच्या गटानं दाखवलं, की २० मिनिटं ट्रेडमिलवर चालून आल्यावर मुलांची लक्ष एकाग्र करण्याची क्षमता वाढते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल सांगते. आणि आपण परीक्षा जवळ आली की आधी पी.टी.चा तास गणिताला देऊन टाकतो.

केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये पाण्याची घंटा सुरू केली. घंटा झाली की सगळ्या वर्गानं बाटली काढायची. तहानेवर न सोपवता पाणी वेळापत्रकात आणायचं. मला ही युक्ती आवडते, कारण यात मुलाला उपदेश ऐकावा लागत नाही.

पण घंटा वाजूनही काही मुली नुसते ओठ ओले करतात. स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नसते, आत नळाला पाणी नसतं, म्हणून घरी जाईपर्यंत धरून ठेवायचं आणि त्यासाठी कमी प्यायचं, असा त्यांचा हिशेब असतो. लघवीचा जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता यातूनही वाढते. ओळखीच्या एका शिक्षिकेला मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मुलींचं काय घेऊन बसलात? मी सुद्धा साडेअकरानंतर पाणी पीत नाही."