घाट चढताना दम लागतो, मग दुखतं उतरल्यामुळे का?

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे 21 किलोमीटर धावणाऱ्याचा खरा दम यवतेश्वरचा घाट चढताना निघतो. पण दोन दिवसांनी घरचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तो परतीच्या उतारामुळे. दोष मात्र सर्रास धावताना स्नायूत तयार होणाऱ्या लॅक्टिक ॲसिडला दिला जातो. रक्तात वाढलेलं लॅक्टेट (त्याच ॲसिडचं रक्तातलं रूप) तासा-दीड तासात पूर्ववत होतं. दुखणं शिगेला पोचतं 24 ते 72 तासांनी. हिशेब जुळत नाही.

मांडीच्या स्नायूतला प्रत्येक तंतू म्हणजे शेकडो केंद्रकं असलेली एकच लांबलचक पेशी. तिच्यात साधारण 2 ते 2.5 मायक्रोमीटर लांबीचे सार्कोमियर, म्हणजे आखडणारे छोटे घटक, एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येकात मायोसिन या प्रथिनाच्या जाड व ॲक्टिन या प्रथिनाच्या बारीक तंतुकांची टोकं एकमेकांत शिरलेली असतात. चेतातंतूचा संदेश आला की पेशीत कॅल्शियम सुटतं, ॲक्टिनवरच्या जागा उघड्या पडतात, मायोसिनची डोकी त्या पकडून ओढतात. पकड सोडवायला एटीपी हे पेशीचं इंधन लागतं. ते संपतं म्हणून मृतदेह ताठरतो. तंतुकं स्वतः आखडत नाहीत, नुसती सरकतात, हे 1954 साली शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी एकाच वेळी मांडलं. दोन्हींत हक्सली आडनावाचा एकेक जण होता, आणि त्यांचं आपसात नातं नव्हतं!

उतारावर पाऊल पडताच गुडघा वाकतो. मांडीचा पुढचा स्नायू आखडायचा जोर लावून शरीर सावरत असतो, आणि त्याच क्षणी ताणलाही जातो. अशा कामाला ऊर्जा कमी लागते, त्यामुळे धाप लागत नाही. पण तेवढाच भार कमी तंतूंवर येतो. त्यातले कमकुवत सार्कोमियर इतके ताणले जातात की ॲक्टिन-मायोसिनची टोकं सुटतात. काही ठिकाणी पेशीचं आवरण फाटतं, कॅल्शियम आत शिरतं, प्रथिनं मोडू लागतात, सूज येते. या प्रक्रियेला वेळ लागतो, म्हणून दुखणं उशिरा.

एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तेवढ्याच उताराला बराच कमी दुखतो. म्हणून शर्यतीआधी दोन-तीन आठवडे एखादा बेताचा उतार, आखूड पावलं टाकत, धावून घ्यावा. नुसत्या चढाच्या सरावाने हे साधत नाही. धावण्याआधीच्या स्ट्रेचिंगचा या दुखण्यावर फारसा परिणाम होत नाही.

मांड्या टम्म सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मात्र लगेच दवाखाना गाठावा. फुटलेल्या पेशींतलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडं निकामी करू शकतं. अशा वेळी वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडावरचा ताण वाढवतात.