साधी आयरिश ब्लेंडेड व्हिस्की चाखायला येताय ना? मग हे वाचून या

नमस्कार मंडळी, डब्लिनमध्ये आमच्याकडे टेस्टिंगचं बुकिंग केलेल्यांसाठी हे पत्रक, कारण दरवेळी तेच ते प्रश्न येतात.

पहिला प्रश्न ठरलेला: "सिंगल माल्ट नाहीये का?" (म्हणजे एकाच कारखान्यातली, नुसत्या मोड आणलेल्या जवाची व्हिस्की.) नाहीये. आम्ही मुद्दाम जेमसन, टलमोर ड्यू, पॉवर्स अशा साध्या ब्लेंडेड ठेवतो, इथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात त्याच, कारण चव ओळखायला शिकायचं तर सोपी बाटली आधी घेतलेली बरी आणि खिशालाही परवडते. परवडते म्हणजे किती तर जानेवारी २०२२ पासून इथे दारूला किमान किंमत ठरवलीय, दर ग्रॅम अल्कोहोलला १० सेंट, त्यामुळे ४० टक्क्यांची ७०० मिलीची बाटली दुकानात २२ युरोच्या खाली मिळतच नाही, घासाघीस करू नका.

दुसरं म्हणजे ब्लेंडेड म्हटलं की आपली मंडळी नाक मुरडतात. त्यांचंही चूक नाही, आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत मळीचं स्पिरिट घालतात. इथे ते कायद्यातच बसत नाही. सगळी दारू धान्याचीच हवी, आयर्लंडच्या बेटावरच गाळलेली आणि तिथेच लाकडी पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली. ब्लेंड म्हणजे एवढंच की हलकी ग्रेन व्हिस्की (मका, गहू अशा धान्यांची) आणि जड पॉट स्टिल किंवा माल्ट (या दोन्ही तांब्याच्या हंड्यात गाळलेल्या) एकत्र केलीय. गंमत बघा, ही हलकी ग्रेन ज्या उंच स्टिलमध्ये, म्हणजे दारू गाळायच्या यंत्रात, निघते त्याचं पेटंट १८३० मध्ये एनियस कॉफी नावाच्या माणसाने घेतलं, तो इथलाच, आधी अबकारी खात्यात मोठा अधिकारी होता, पण डब्लिनच्या बड्या कारखानदारांनी त्याला उभं केलं नाही आणि स्कॉटलंडवाल्यांनी ते स्टिल उचलून जगभर धंदा केला. आज जेमसन इतकी सहज घशाखाली उतरते त्यात त्या ग्रेनचा मोठा वाटा आहे.

पॉट स्टिल मात्र अस्सल इथली. त्यात मोड आणून वाळवलेले जव आणि कच्चे जव दोन्ही असतात, प्रत्येकी किमान ३० टक्के. १७८५ ला मोडाच्या जवावर कर बसला तसा कर वाचवायला कच्च्या जवाचा वापर वाढला, आणि त्यातून जी चव आली ती लोकांना आवडली. तेलकटपणा म्हणा, सायीसारखं जिभेवर बसणं म्हणा आणि मागून मिरीची चुणचुण, हे सगळं त्या कच्च्या जवाचं. पॉवर्समध्ये हे जास्त जाणवेल. टलमोर ड्यूमध्ये ग्रेन, माल्ट, पॉट स्टिल तिन्ही आहेत. आणि हो, आयरिश म्हणजे तीनदाच गाळलेली असं सगळे ठोकून देतात पण ते सरसकट खरं नाही, किलबेगन दोनदाच गाळतात.

आता प्यायचं कसं. ग्लास खाली रुंद, वर निमुळता देतो, अगदी थोडी ओततो. नाक आत खुपसू नका, नुसतं अल्कोहोल झोंबेल, ग्लास हनुवटीजवळ धरा आणि तोंड किंचित उघडं ठेवून हळू श्वास घ्या. जेमसनमध्ये आधी व्हॅनिला येईल, ते बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) जुन्या पिंपांचं देणं, मग हिरवं सफरचंद, आणि थोडं थांबलात तर मनुकांसारखं काहीतरी, ते शेरीच्या (एका स्पॅनिश वाइनच्या) पिंपांमुळे. पहिला घोट नुसताच, पाणी-बर्फ काही न घालता, छोटा, तोंडात फिरवून गिळायचा. दुसऱ्या घोटाआधी चमच्याने दोन थेंब पाणी घाला आणि परत वास घ्या, फरक तुमचा तुम्हालाच कळेल. धूर शोधू नका, पीटवाल्या (दलदलीतल्या मातीच्या धुरावर जव वाळवलेल्या) स्कॉचची सवय असलेल्यांना ही फिकी वाटते, ते साहजिक आहे. शेवट लवकर विरतो, हा या किमतीतल्या बाटलीचा कमीपणा आहे आणि आम्ही तो झाकत नाही. त्यानंतर सोडा घाला, जिंजर एल घाला, आमची ना नाही. बर्फ मात्र आधीच टाकला तर वास दबतो, मग आमच्याकडे येऊन काय उपयोग.

चकण्यात तिखट शेव, फरसाण मिळणार नाही, रागावू नका. जिभेवर लाल तिखट बसलं की सफरचंद काय आणि व्हॅनिला काय, सगळं सारखंच. साधे खारे दाणे आणि चेडर ठेवतो.

टेस्टिंगनंतर पबमध्ये जाणार असाल तर इथलं माप ३५.५ मिली, म्हणजे आपल्या स्मॉल पेगपेक्षा थोडं जास्त. चालवायची गाडी असेल तर येऊच नका, लुआस (इथली ट्राम) किंवा बस धरा. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. बो स्ट्रीटची जेमसनची टूर जरूर करा पण १७८० चा तो जुना कारखाना १९७१ लाच बंद झाला, आता तिथे फक्त बघायचं, व्हिस्की बनते ती कॉर्कजवळच्या मिडलटनला.

घरी न्यायची असेल तर भारतात माणशी २ लिटर चालते, म्हणजे ७०० मिलीच्या तीन बाटल्या घेतल्यात की १०० मिली जास्त होतं आणि कस्टमवाला तेवढ्यावरूनही अडवू शकतो. विमानतळावर लिटरच्या दोन घ्या, आणि मधे कुठे विमान बदलायचं असेल तर दुकानदाराने सील केलेली पिशवी घरी पोचेपर्यंत फोडू नका.