विहिरीवरचं डिझेल इंजिन

दीडशे लिटर पाणी दहा मीटर वर उचलायला साधारण पंधरा हजार ज्यूल ऊर्जा लागते. मोटेवर, म्हणजे पाणी उपसायच्या कातडी पिशवीवर, हे काम दोन बैल करायचे. भरलेली मोट ओढत धावेवरून, म्हणजे विहिरीजवळच्या उतारावरून, खाली जायचं, काठावरच्या थारोळ्यात पाणी पडलं की मागं मागं सरकत पुन्हा विहिरीशी यायचं. एका फेरीला दीड मिनिट धरलं, तर तासाला सहा हजार लिटर पाणी होतं. पाच अश्वशक्तीचं छोटं इंजिन आणा. पट्टा, पंप आणि पाइप मिळून त्याची निम्म्याहून जास्त शक्ती खातात असं धरलं, तरी तेवढंच पाणी ते दहा सेकंदांत वर फेकतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर महाराष्ट्रातल्या बागायतीचं रूप पालटलं, त्याच्या मुळाशी हा फरक आहे.

डिझेल इंजिन काही शेतासाठी जन्माला आलं नव्हतं. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 साली जर्मनीतल्या ऑग्सबुर्गमध्ये यशस्वी करून दाखवलेलं यंत्र पुरुषभर उंचीपेक्षाही उंच होतं. सिलिंडरमध्ये तेल फवारायला त्याला दाबाखालची हवा लागायची आणि त्या हवेसाठी वेगळा काँप्रेसर. कारखान्याला ते परवडायचं, पाच-दहा एकरांच्या शेतकऱ्याला नाही. मोजून थेंबभर तेल प्रचंड दाबानं आत सोडणारा लहान पंप जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीनं 1927च्या सुमारास मोठ्या संख्येनं बनवायला घेतला आणि मग लहान डिझेल इंजिनाची वाट मोकळी झाली. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीनं 1930च्या आसपास एका सिलिंडरचं, मिनिटाला 600 फेऱ्यांचं, पाच अश्वशक्तीचं इंजिन बाजारात आणलं. आपल्याकडे ‘लिस्टर टाइप’ म्हणून ओळखली जाणारी इंजिनं याच घराण्यातली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानं तीसच्या दशकातच डिझेल इंजिन बनवलं. लोखंडी नांगरापासून सुरुवात केलेल्या किर्लोस्करांनी 1946 साली पुण्यात खडकीला खास ऑइल इंजिनांची कंपनी काढली.

या इंजिनाचा संथपणा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. मिनिटाला 600 फेऱ्या, आणि चार टप्प्यांच्या चक्रामुळे दोन फेऱ्यांत एकच स्फोट. म्हणजे सेकंदाला पाच ठोके. दोन ठोक्यांच्या मधला वेळ फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाला जोडलेलं जड चाक, निभावून नेतं. कुंभारानं दांडक्यानं फिरवून सोडलेलं चाक मडकं होईपर्यंत फिरत राहतं, तसंच. संथ चालल्यामुळे झीज कमी, आणि भाग जाडजूड असल्यामुळे तालुक्याचा फिटर साध्या पान्यांनी ते उघडू शकायचा. ठिणगी पाडणारा प्लग नाही, बॅटरी नाही. दाबलेली हवाच पाचशे अंशांच्या वर तापते आणि फवारलेलं तेल आपोआप पेटतं.

पण ही दाबलेली हवाच सुरू करणाऱ्याची परीक्षा घेते. त्या दाबाविरुद्ध हातानं चाक फिरवणं जवळजवळ अशक्य. म्हणून आधी एक खिट्टी वर करून झडप उघडी धरायची, म्हणजे हवा दाबली न जाता बाहेर निघून जाते. मग हँडल मारायचं. पहिल्या दोन फेऱ्या जड जातात, मग चाक वेग घेतं. पुरेसा वेग आला की खिट्टी पाडायची. फ्लायव्हीलमध्ये साठलेल्या ऊर्जेनं पहिला दाब पार होतो, काळ्या धुराचा लोट येतो आणि ठोके सुरू होतात. जाणता माणूस हँडलभोवती अंगठा वळवत नाही, बोटांच्याच बाजूला ठेवतो. इंजिनानं उलटा झटका दिला तर वळवलेला अंगठा मोडतो.

इंजिन ठेवायचं कुठं, हे मात्र वातावरणाचा दाब ठरवायचा. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर तो पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला हा दाब दहा मीटरच्या थोडं वर पाणी चढवू शकतो, दख्खनच्या पठारावर त्याहून कमी. गळती आणि घर्षण वजा जाता सहा-सात मीटरच हाती लागतात. विहीर त्याहून खोल असली की पंप आत उतरवावा लागायचा, कधी पंपाबरोबर इंजिनही, कातळात खोदलेल्या टप्प्यावर. तिथं धुराचा पाइप काठाच्या वर काढणं जिवाशी संबंधित होतं. विहिरीत धूर कोंडला तर आत उतरलेला माणूस गुदमरायचा. पाइपाच्या तळाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप (फूट व्हॉल्व्ह, बोलीत ‘फुटबॉल’) गळकी असेल तर रोज सकाळी बादल्यांनी पंप भरायचा, हा वेगळा त्रास.

पाणी देऊन झालं की पट्टा उतरवून तेच इंजिन उसाच्या चरकाला, कडबा कापायच्या यंत्राला किंवा पिठाच्या गिरणीला जोडता यायचं. वेग बदलायला गिअर लागत नाही, लहान-मोठी पुली पुरते. उलट दिशेनं फिरवायचं असेल तर पट्ट्याला एक पीळ दिला की झालं. पट्टा घसरायला लागला की राळ लावायची. पुली मधोमध किंचित फुगीर असते आणि त्यामुळे पट्टा कडेला न जाता मध्यावर येत राहतो. मला ही युक्ती फार सुंदर वाटते. तिला ना दांडा लागतो, ना पट्टी.

या शक्तीचा भार शेवटी पडला जमिनीखालच्या पाण्यावर. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे 85 हजार लिटर भरतं. मोटेनं ते उपसायला चौदा तास, म्हणजे बैलांचे दोन दिवस. तेवढ्या वेळात झरे विहीर बरीचशी पुन्हा भरायचे. इंजिन ती दीड-दोन तासांत कोरडी करतं. आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे दख्खनच्या काळ्या कातळात, पाणी राहतं ते वरच्या मुरमाड थरात आणि भेगांत. अखंड कातळ जवळजवळ काहीच धरत नाही, त्यामुळे झऱ्यांचा वेग वाढवून मिळत नाही. मग शेतकऱ्यांनी विहिरी खोल केल्या आणि तळाशी आडवी बोअर मारली. गावोगावी वीज पोचली तसं इंजिन उतरलं आणि मोटर चढली. तिला ना डिझेल ओतावं लागत होतं, ना हँडल मारावं लागत होतं. त्यामुळे झऱ्यांपेक्षा जास्त वेगानं उपसा करणं आणखी सोपं झालं.