टाचेच्या चिठ्ठीवरचे उणे अडीच

सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत शिबिर, टाचेला जेल लावून अल्ट्रासाउंड, मिनिटाभरात चिठ्ठी: टी-स्कोअर (तरुण, निरोगी सरासरीपेक्षा हाड किती कमी, त्याचा आकडा) उणे २.६, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडे ठिसूळ होण्याचा आजार. हा निवाडा टाचेवरून देता येतो का?

हाडांची मोजणी सुरू झाली ती हातापासूनच. आधी एक्स-रे काढताना हाताशेजारी ॲल्युमिनियमची पाचर ठेवून सावली ताडून बघत. १९६३ मध्ये अमेरिकेत आयोडीन-१२५ च्या किरणांनी कोपराखालचे हाड मोजण्याची रीत आली. किरण एकाच ऊर्जेचे असल्याने मांस आणि हाड वेगळे काढता येत नसे. हात पाण्यात बुडवून सगळीकडे सारखी जाडी करावी लागे. कंबरेला हे कसे जमणार? दोन ऊर्जांची युक्ती निघाल्यावर मणका आणि खुबा आवाक्यात आले, १९८७ च्या सुमारास दोन ऊर्जांच्या एक्स-रेंनी मोजणारी डेक्सा यंत्रे आली आणि हात मागे पडला.

खरा गुंता १९९४ चा. तज्ज्ञांच्या एका गटाने ऑस्टिओपोरोसिसची रेघ ओढली: तरुण, निरोगी, गोऱ्या स्त्रियांच्या सरासरीपेक्षा २.५ प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचे माप) किंवा त्याहून खाली. अडीचच का? मणका, खुबा किंवा कोपराखालचा हात यांपैकी कुठेही मोजले, तर रजोनिवृत्तीनंतरच्या साधारण ३०% गोऱ्या स्त्रिया त्या रेघेखाली येत, आणि आयुष्यभरात या जागी हाड मोडण्याचा त्यांचा धोकाही जवळपास तेवढाच होता. म्हणजे रेघ मुळात लोकसंख्येतले प्रमाण मोजण्यासाठी होती. दवाखान्यात ती निदान होऊन बसली, आणि तिथून स्वस्त, उचलून नेता येणाऱ्या यंत्रांवर गेली.

टाचेच्या अल्ट्रासाउंडला अमेरिकेत १९९८ मध्ये परवानगी मिळाली. तो डेक्सासारखे हाडातले खनिज मोजतच नाही. ध्वनीचा वेग आणि हाडातून जाताना त्याची होणारी घट मोजतो. शिवाय टाच जवळजवळ सगळी जाळीदार, तर हाताच्या हाडाचा मधला भाग भरीव. वयाबरोबर दोन्ही सारख्या गतीने झिजत नाहीत. त्यामुळे एकाच बाईचा टी-स्कोअर जागेप्रमाणे, यंत्राप्रमाणे बदलतो. मोडण्याचा धोका टाचेवरूनही बऱ्यापैकी सांगता येतो, हे मान्य. पण आजच्या मार्गदर्शक सूचनांत उणे अडीचची कसोटी हातापायांत एकाच जागी चालते: कोपराखालच्या हाडावर, मनगटापासून त्याच्या एक-तृतीयांश लांबीवर, तीही डेक्साने मोजली तर. हे चिठ्ठीवर छापलेले मी तरी पाहिलेले नाही.

डेक्साची ‘घनता’ही तशी सावलीचीच, ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. त्यामुळे मोठे हाड उगाच दाट दिसते. घन सेंटिमीटरचा हिशेब सीटीने होतो, आणि तिथे हातपाय पुन्हा पुढे आले. या शतकात आलेली बारीक नजरेची सीटी यंत्रे आधी ८२, मग ६१ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपक्यांत हाडाची जाळी दाखवू लागली, तेही अगदी थोड्या किरणोत्सर्गात. पण त्यांच्या पोकळीत हातपायच मावतात, मणका आणि खुबा नाही, आणि उणे अडीचची रेघ त्यांच्या आकड्यांनाही लागू नाही.